जुना प्रोग्राम, नवा अग्निबाण



४ जून १९९६. दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानामधल्या कूरू इथून एरियान ५ हा युरोपचा नवा अग्निबाण पहिल्यांदाच उडाला. जेमतेम ४० सेकंदांत वाट सोडून कलंडला आणि फुटला. सोबत चार उपग्रह गेले. इंजिनांत काही खोट नव्हती. घात केला सॉफ्टवेअरनं, आणि तेही आधीच्या एरियान ४ वर बिनतक्रार चाललेल्या सॉफ्टवेअरनं!

सॉफ्टवेअर तपासण्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. आधी प्रत्येक तुकडा सुटा तपासायचा, हे युनिट टेस्टिंग. मग तुकडे जोडून त्यांचं एकमेकांशी जमतं का ते बघायचं, हे इंटिग्रेशन. त्यानंतर सगळी यंत्रणा एकत्र, आणि शेवटी गिऱ्हाइकाची पसंती. काही बदललं की जुन्या चाचण्या पुन्हा चालवायच्या, हे रिग्रेशन टेस्टिंग. सगळ्यांत कंटाळवाणं काम, म्हणून हमखास टाळलं जाणारं.

एरियानच्या दिशादर्शक यंत्रणेत आडव्या वेगाशी निगडित एक आकडा १६ बिटांच्या जागेत बसवला जाई. तिथं ३२,७६७ पर्यंतच मावतं. एरियान ४ ला तेवढं पुरे. एरियान ५ चा आडवा वेग मात्र फार झपाट्यानं वाढायचा. आकडा मावेना आणि संगणक बंद पडला. राखीव संगणक होता, पण त्यातही तोच प्रोग्राम! कहर म्हणजे, एकदा उड्डाण झाल्यावर एरियान ५ ला ही आकडेमोड लागतच नव्हती.

सीमेवरचे आणि सीमेपलीकडचे आकडे मुद्दाम घालून बघणं, याला टेस्टर मंडळी बाउंडरी व्हॅल्यू टेस्टिंग म्हणतात. इथं ते झालं असतं तर? फ्रेंच गणितज्ञ झाक-लुई लिओं यांच्या चौकशी समितीला आढळलं की, नव्या अग्निबाणाच्या उड्डाणमार्गाचे आकडे देऊन ही यंत्रणा कधी तपासलीच नव्हती. सगळ्या यंत्रणेच्या एकत्र चाचणीतही खऱ्या उपकरणाऐवजी त्याची नक्कल करणारं सॉफ्टवेअर वापरलं होतं. 'आधी चाललंय की, परत कशाला?' हा युक्तिवाद रिलीजची तारीख जवळ आली की आजही ऑफिसाऑफिसांत ऐकू येतो. माझ्या मते तो निव्वळ आळस आहे.

समितीनं सांगितलं, उड्डाणानंतर ती आकडेमोड बंद ठेवा आणि शक्य तितकी खरी उपकरणं बसवून संपूर्ण चाचणी घ्या. उपग्रहांची नवी चौकडी २००० साली अवकाशात गेली, पण रशियाच्या सोयूझ अग्निबाणांवरून.