तण कोणाला म्हणायचे?



साहित्याच्या व्यासपीठावरून मी तणाविषयी बोलणार आहे, याचे आपल्याला नवल वाटेल. पण संगणकाला तण ओळखायला शिकवण्याचे काम आज जगभर चालू आहे आणि त्याची पहिली पायरी नाव देण्याची आहे. म्हणून हा विषय आपलाही आहे.

शेतातील हजारो छायाचित्रे काढतात. प्रत्येकावर माणूस लिहितो, हे पीक, हे तण. संगणक ती पुन्हा पुन्हा पाहून रंग, आकार, पानांची ठेवण यांतले साम्य पकडतो. पुढे ट्रॅक्टरवरचा कॅमेरा तण दिसेल तिथेच औषध उडवतो. सगळ्या शेतावर तणनाशक मारावे लागत नाही. हा फायदा मोठा आहे.

ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 2019 मध्ये आठ जातींची तणे ओळखण्यासाठी 17,509 छायाचित्रांचा संग्रह प्रसिद्ध केला. ती आठ नावे वाचताना मी थबकलो. गाजर गवत होते, घाणेरी होती, आपल्या डोंगरांवर माजलेली रानमोडी होती. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. पण त्याच रांगेत बोर आणि बाभूळही होत्या! तिथल्या कुरणांत त्या बाहेरून येऊन माजल्या, म्हणून तिथे त्या तणच. आपल्याकडे बोरीखाली पोरे जमतात. संगणकाला काय, जे शिकवले ते तो शिकला.

उद्या हे यंत्र पेडणे-डिचोलीत आले, तर पहिल्या पावसात उगवणारा तायकिळा त्याच्या लेखी तण ठरेल. आमच्या घरी त्याची भाजी होते. कुर्डूचेही तेच.

माझी आई पेडण्यात सरद शेतीच्या बेणणीला जायची. लहानपणी मीही तिच्यामागे चिखलात उतरायचो. कोवळी पाखड आणि कोवळे भात अगदी सारखे दिसतात. एकदा मी मूठभर भातच उपटले. आई रागावली नाही. तिने पात खोडापासून जरा ओढून दाखवली. भाताच्या पातीच्या बेचक्यात पातळ, पांढुरकी जीभ असते, पाखडीला ती नसते. जिला जीभ नाही ती उपटायची, एवढाच तिचा नियम. वरून पाहणाऱ्या कॅमेऱ्याला ही जीभ दिसणे कठीण आहे.

आई आता नाही. तिच्याबरोबरच्या बायका थकल्या, कित्येक कुणगे पडीक आहेत. मोरडीत कोणते गवत येते, खेरीत कोणते, खाजनातल्या खाऱ्या पाण्यात कोणते तग धरते, हे त्यांना तोंडपाठ होते. ते कुठे लिहिलेले मला सापडत नाही.

इथे बसलेल्या शिक्षकांना माझी विनंती आहे. पुढच्या पावसात मुलांना शेतावर न्या. एकेका रोपाचे छायाचित्र काढायला लावा आणि चार गोष्टी लिहून घ्या : गावातले नाव, ते कशावरून ओळखतात, कुठे उगवते, खातात की उपटतात. पेडण्यातले नाव डिचोलीत बदलले, तर दोन्ही लिहा. सांगणाऱ्या बाईचे शब्द सुधारू नका.

यंत्र आले, तर त्याला शिकवायला आपल्याजवळ काहीतरी असेल. न आले, तर मुलांच्या हाती एक कोश राहील. मात्र हे काम त्या बायका सांगायला आहेत तोवरच करता येईल.