फिलामेंटला डीसी देताना : घूंघूं घालवायची, ट्यूब नाही

ट्यूब अ‍ॅम्पवरच्या गेल्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. "अ‍ॅम्प वाजतो छान, पण मागे सतत एक घूंऽऽ येते, काय करू?" आज तेवढंच बोलूया. आधी एक धोक्याची सूचना, आणि ही स्किप करू नका. ट्यूब अ‍ॅम्पमध्ये तीनशे-चारशे व्होल्ट असतात, आणि बंद केल्यावरही ते कपॅसिटरमध्ये बसून राहतात. फिलामेंटचं काम करताना हाय व्होल्टेजचा फ्यूज काढून ठेवायचा, कपॅसिटर रिकामा झालाय हे मीटरने बघायचं, मगच हात घालायचा.

तर ही घूं येते कुठून? ट्यूबमधली तार तापते तेव्हा इलेक्ट्रॉन सुटतात. ती तापवायला पूर्वीपासून एसी वापरतात, कारण स्वस्त आणि सोपं. १२एएक्स७ सारख्या ट्यूबमध्ये हीटर वेगळा आणि त्याच्याभोवती कॅथोडची नळी वेगळी, त्यामुळे बरंचसं निभावतं. पण ३००बी, २ए३, ४५ या जुन्या घराण्यात तारच कॅथोड. वेस्टर्न इलेक्ट्रिकने ३००बी आणली १९३८ साली. पाच व्होल्ट, १.२ अँपियर. तिथे एसी दिला की आपल्या मेन्सचे ५० हर्ट्झ आणि त्याची दुप्पट १०० हर्ट्झ थेट गाण्यात मिसळतात. हम-पॉट फिरवून ५० बराचसा कमी होतो, १०० मात्र चिकटून बसतो. रॉक ऐकताना कळणारही नाही. पण तानपुरा लावलाय, गायकाने अजून सा लावायचाय, आणि खाली एक तिसरी बेसूर तार वाजतेय... डोकं फिरतं माझं.

सुरुवात प्रीअ‍ॅम्पपासून करा. दोन १२एएक्स७, ६.३ व्होल्टच्या जोडणीत, म्हणजे एकूण ०.६ अँपियर. बरेच जण अ‍ॅम्पमधल्याच ६.३ व्होल्टच्या वाइंडिंगला ब्रिज लावतात आणि पुढे एलएम३१७. हे जमत नाही. ६.३ चा पीक ८.९, ब्रिजमध्ये दोनएक व्होल्ट गेले, उरले सातच्या आत. एलएम३१७ ला स्वतःसाठीच दोनेक व्होल्ट लागतात. मग तो रेग्युलेट काय करणार, कप्पाळ?

म्हणून नऊ व्होल्टचा वेगळा ट्रान्सफॉर्मर घ्या. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतो. पीक १२.७, ब्रिजनंतर साधारण १०.७. पुढे ४७०० मायक्रोफॅरड लावला तर ०.६ अँपियरला रिपल येतो सव्वा व्होल्टच्या आसपास, म्हणजे खालचं टोक साडेनऊच्या जरा खाली. आपल्याला हवेत सव्वाआठ-साडेआठ. जमलं! पण संध्याकाळी तुमच्या गल्लीत २३० चे २०७ झाले की तेच टोक आठवर येतं आणि घूं परत हजर. ज्यांच्याकडे व्होल्टेज पडतं त्यांनी कपॅसिटर दुप्पट करा किंवा कमी ड्रॉपआउटचा एलटी१०८५ लावा. बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावायचा मोह होईल, पण मग सगळी जादाची वीज उष्णता होऊन बाहेर पडते. ट्रान्सफॉर्मर दोन अँपियरचा घ्या. कपॅसिटर झटक्याझटक्याने चार्ज होतो, त्यामुळे वाइंडिंगमधला करंट डीसीच्या दीडपट ते पावणेदोनपट धरावा लागतो.

रेझिस्टर १२० आणि ४७० ओहम. एलएम३१७ चा संदर्भ १.२५ व्होल्ट, म्हणजे आउटपुट साधारण ६.१७. ट्यूबला पाच टक्के इकडेतिकडे चालतं. फारच कमी आलं तर ४७० च्या सिरीजला दहा-पंधरा ओहम टाका. ट्रिमपॉट मात्र नको, प्लीज. जुन्या ट्रिमपॉटचा वायपर सुटला की ४७० ची जागा उघडी पडते आणि एलएम३१७ जेवढं व्होल्टेज आत येतंय त्यातलं जवळपास सगळं हीटरवर सोडतो. पाच रुपयांचा पार्ट आणि दोन ट्यूब खलास.

हीटसिंक हवाच, दोन-अडीच वॅट आहेत. आणि एलएम३१७ ची मागची धातूची पट्टी ग्राउंड नसते, ती आउटपुट असते! चेसिसला लावताना मायका वॉशर आणि प्लास्टिकचं बुश घाला, मग मीटरने कंटिन्युइटी बघा.

वायरिंगमध्ये एकच गोष्ट घोका. ब्रिजपासून कपॅसिटरपर्यंतच्या तारेत करंटचे मोठे झटके धावतात. रेग्युलेटरचं ग्राउंड कपॅसिटरच्या पायापासून घ्या, ब्रिजपासून नाही. डीसी केलं तरी घूं गेली नाही म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांचं दुखणं इथेच असेल असं मला वाटतं. हीटरचं मायनस ऑडिओ ग्राउंडला एकाच ठिकाणी जोडा. तरंगतं ठेवू नका.

आता ट्यूब लावायची? थांबा. आम्ही कोड लिहिणारे सरळ प्रॉडक्शनला टाकत नाही, आधी स्टेजिंग. इथलं स्टेजिंग म्हणजे दहा ओहम, दहा वॅटचा पांढरा सिरॅमिक रेझिस्टर. अर्धा तास चालवा, व्होल्टेज बघा, हीटसिंकजवळ हात नेऊन बघा. रेझिस्टरला हात लावू नका, भाजतो. नंतर ट्यूब लावल्यावर सॉकेटच्या पिनांवर परत मोजा. गार फिलामेंटचा रोध खूप कमी असतो, म्हणून पहिले काही सेकंद व्होल्टेज खाली दिसेल. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, रेग्युलेटर स्वतःचा करंट आवरतोय.

३००बी वाल्यांनो, तुमचं प्रकरण वेगळं आहे. एका जोडीची किंमत माझ्या महिन्याच्या घरभाड्याच्या पुढे जाते, म्हणून सावकाश. दोन चॅनलला दोन स्वतंत्र सप्लाय, वाइंडिंगसकट. तारच कॅथोड आहे ना, मग एकच सप्लाय दिला तर डावा-उजवा कॅथोड एकमेकांना बांधले जातात. कॅथोड बायस असेल तर हा अख्खा सप्लाय ग्राउंडपासून साठ-सत्तर व्होल्टवर बसतो, त्यामुळे त्यातलं काहीही चेसिसला लागता कामा नये.

आणि इथे साधा व्होल्टेज रेग्युलेटर मला पटत नाही. गाण्याचा सिग्नल याच तारेतून जातो. व्होल्टेज रेग्युलेटर आणि त्याचे कपॅसिटर त्या सिग्नलला एक आडवाट करून देतात. करंट सोर्सने तार तापवली तर ती वाट बंद होते, शिवाय गार तारेला सुरुवातीचा धक्काही बसत नाही. एलएम३१७ करंट सोर्स म्हणूनही चालतो, १.२५ भागिले रेझिस्टर. पण त्याची कमाल दीड अँपियर, म्हणजे १.२ ला तो काठावरच, आणि त्या रेझिस्टरमध्येच दीड वॅट जळतो. तिथे एलटी१०८५ किंवा मॉस्फेट बरा. चालू झाल्यावर पिनांवर पाच व्होल्ट येतायत का बघा. पावणेपाच ते सव्वापाच ठीक. त्याच्या खाली फार दिवस चालवलं तर कॅथोड नीट इलेक्ट्रॉन देत नाही, वर चालवलं तर तार लवकर संपते.

मॉस्फेटच्या करंट सोर्सचं सर्किट पुढच्या भागात आकड्यांसकट घेऊ. तोवर तुमच्या घरचं मेन्स व्होल्टेज सकाळी, दुपारी आणि रात्री आठ वाजता मोजून ठेवा, आपल्याला ते आकडे लागणारेत.