आधी माणूस, मग कापड

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कपडे शिवणाऱ्या बाईला सगळ्यात जास्त वेळा कोणता प्रश्न विचारला जातो? तुम्ही म्हणाल, 'शिलाई किती?' नाही, तो दुसरा. पहिला प्रश्न असतो, 'मला काय शोभेल हो?' लग्नाला तीन आठवडे उरलेली नवरी हे विचारते, पन्नाशी उलटलेली बँकेतली बाई विचारते आणि पहिल्या मुलाखतीला निघालेला मुलगाही आईच्या आडून विचारतो. गेली तीस वर्षं मी पुण्यात शिवणाचं एक लहानसं दुकान चालवते आहे. बाहेर पाटी 'बुटीक' अशी आहे, कारण हल्ली पाटीवर तसंच लिहावं लागतं. आत मात्र एक मोठं टेबल, दोन मशिनं, इस्त्री, खडू आणि माझ्या गळ्यात टेप, एवढाच संसार आहे. त्या टेबलापाशी या प्रश्नाचं जे उत्तर मला हळूहळू सापडलं, ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

आपल्याकडे १९८६ साली दिल्लीत 'निफ्ट' ही फॅशनचं शिक्षण देणारी सरकारी संस्था सुरू झाली. पुढच्याच वर्षी मुंबईत निरनिराळ्या डिझायनरांचे कपडे एकाच छपराखाली विकणारं 'आँसाम्बल' हे दुकान निघालं. तोवर आपल्याला शिंपी ठाऊक होता, आता 'फॅशन डिझायनर' हा शब्द घराघरात आला. त्याबरोबर एक चित्रही आलं. झगझगीत दिवे, लांबलचक रॅम्प आणि त्यावरून न हसता चालत येणाऱ्या उंच मुली. माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्या मुली हेच चित्र मनात घेऊन येतात. त्यांच्या वह्या फार सुंदर असतात. त्यांना मी पहिल्या दिवशी एकच काम सांगते. वहीतल्या बाईचं डोकं पट्टीनं मोजायचं आणि ते तिच्या उंचीत किती वेळा बसतं ते पाहायचं. नऊ वेळा बसतं, कधी दहा वेळा. फॅशनचं चित्र काढायची तशी पद्धतच आहे. मग शेजारी उभ्या असलेल्या मैत्रिणीला मोजायला सांगते. तिथं साधारण सात, साडेसात भरतात. ही जी दीड-दोन डोक्यांची तफावत आहे ना, तिच्यातच आमचं सगळं काम असतं.

मलाही हे आपोआप कळलं नाही. दुकान टाकलं त्या पहिल्या वर्षी एका प्राथमिक शाळेतल्या बाई माझ्याकडे आल्या. सहा ब्लाउज शिवायचे होते. 'दिवसभर उभं राहायचं असतं, जरा मोकळे शिवा,' एवढंच त्या म्हणाल्या. मी उत्साहानं गळ्याची नवी तऱ्हा केली, पाठीला नाजूक गोट लावला आणि मोकळं हवं म्हणून मुंढा चांगला खोल कापला. पंधरा दिवसांनी बाई परत आल्या. रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, फळ्यावर लिहायला हात वर केला की सगळा ब्लाउज वर चढतो. मुलांकडे पाठ फिरवायची भीती वाटते मला."

श्रोतेहो, वीस वर्षं शिकवणाऱ्या बाईला माझ्या सहा ब्लाउजांनी फळ्याची भीती घातली होती.

आमच्या मागच्या गल्लीत एक वयस्कर मास्तर कोट-शेरवान्या शिवायचे. तो ब्लाउज घेऊन मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी तो उलटा केला, मुंढ्यात बोट फिरवलं आणि म्हणाले, "पोरी, मुंढा खाली गेला की बाहीची जोड काखेपासून लांब जाते. मग हात उचलला की बाही सगळ्या अंगाला ओढते. मुंढा काखेच्या जवळ ठेव आणि मोकळेपणा बाहीच्या घेरात दे." म्हणजे ढगळ कापडात हात अडकतो आणि नेमक्या बसलेल्या कापडात तो सुटा होतो! मी चकित झाले. पण त्यांचं दुसरं वाक्य मला जास्त लागलं. "तू गळा बघितलास, गोट बघितलास. बाई हात वर करते हे बघितलंस का? आधी माणूस बघ, मग कापड बघ."

सहाही ब्लाउज मी पदरचं कापड घालून पुन्हा शिवून दिले. त्या दिवसापासून गिऱ्हाईक दुकानात आलं की टेप गळ्यातच ठेवते, वहीही उघडत नाही. आधी ती बाई पायरी कशी चढते, पर्स कोणत्या खांद्यावर घेते, खुर्चीत कशी बसते ते पाहते. छाती छत्तीस असलेल्या दोन बायकांना एक ब्लाउज सहसा चालत नाही. वर्षानुवर्षं मशिनवर किंवा टेबलावर वाकून काम केलेल्या बाईला पाठीचं माप जास्त द्यावं लागतं आणि पुढचं कमी. रोज एकाच खांद्यावर जड पिशवी वाहणाऱ्या बाईचे दोन्ही खांदे सारखे नसतात. आकडा एकच असतो, पण त्यामागचं आयुष्य निराळं असतं.

आपल्या आज्या-पणज्यांचा पोशाख हे जाणून होता. नऊवारी लुगड्याचा कासोटा शेतात वाकायला आणि नदीवर धुणं धुवायला सोयीचा होता. खणाच्या चोळीला पुढं गाठ असायची. अंग सुटलं, बाळंतपण आलं, मूल अंगावर प्यायला लागलं, की गाठ थोडी सैल करायची, एवढंच. त्या पोशाखावर कोणा डिझायनराचं नाव नाही, पण माणूस आधी पाहिल्याची खूण आहे.

हीच नजर मोठ्या पडद्यावर नेणारी बाई आपल्या कोल्हापूरची होती. भानू अथैया यांचा जन्म १९२९ चा. त्या शिकल्या चित्रकला, तीही मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या १९५३ च्या प्रदर्शनात त्यांची चित्रं होती. स्त्रियांच्या नियतकालिकासाठी पोशाखांची चित्रं काढता काढता त्या कपडे बेतू लागल्या आणि तिथून चित्रपटात आल्या. 'आम्रपाली' या १९६६ च्या चित्रपटाचे पोशाख त्यांनी अजिंठ्याची भित्तिचित्रं अभ्यासून केले. त्यानंतर दोनच वर्षांनी 'ब्रह्मचारी' आला. त्यात मुमताज नारिंगी साडीत नाचते, ते गाणं तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. साध्या निऱ्या त्या नाचात टिकल्या नसत्या, म्हणून ती साडी आधीच शिवून तयार केलेली होती. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न. ही बाई या कपड्यात काय करणार आहे?

मग आला १९८२ चा 'गांधी'. त्यातल्या वेशभूषेसाठी १९८३ साली त्यांना जॉन मोलो यांच्यासोबत ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. पुढं २०१२ साली ती बाहुली जपून राहावी म्हणून त्यांनी ती अकादमीकडे परत सोपवली आणि २०२० च्या ऑक्टोबरमध्ये त्या गेल्या. त्या चित्रपटात भरजरी असं थोडंच आहे. बॅरिस्टरचा सूट हळूहळू सुटत जातो आणि शेवटी पंचा उरतो. कापड कमी होत जातं आणि माणूस मोठा होत जातो, हे कपड्यांतून दिसायला हवं होतं. ते दिसलं, हे त्या कामाचं मोठेपण.

इथं मला 'स्टाइल' या शब्दाबद्दल थोडं बोलायचं आहे. गांधीजींनी सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराई इथं अंगरखा आणि टोपी सोडून गुडघ्यापर्यंतचा पंचा नेसायला सुरुवात केली. ज्यांना पुरेसं वस्त्र मिळत नव्हतं, त्यांच्याजवळ जाण्याचा तो निर्णय होता. आता दुसरं चित्र पाहा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर नीटनेटक्या सुटाबुटात वावरले. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या दलित स्त्रियांना त्यांनी सांगितलं की, अस्पृश्यतेची खूण पटवणारी लुगडं नेसण्याची जुनी पद्धत आणि ते जड दागिने सोडून द्या, स्वच्छ राहा. एकानं कपडे उतरवले, दुसऱ्यानं चढवले. दोघांची दिशा उलट होती आणि कारण मात्र दोघांकडे होतं. ज्याला हवं ते घालता येत होतं, त्यानं त्याग केला. ज्यांना घालू दिलं जात नव्हतं, त्यांनी हक्क घेतला. म्हणून कोणी म्हणालं, की कपड्यांत काय आहे, तर मला महाडच्या त्या बायका आठवतात. माझ्या समजुतीनं स्टाइल म्हणजे हेच. मी कोण आहे आणि मला कसं जगायचं आहे, याचा आपण घेतलेला निर्णय. डिझायनरनं तो घ्यायचा नसतो. तो ओळखायचा असतो आणि नीट शिवून द्यायचा असतो.

हे मला पुरतं कळलं ते एका जुन्या गिऱ्हाइकामुळं. पंधरा वर्षं त्या माझ्याकडे येत होत्या. गडद राणी रंग ही त्यांची ओळख. मध्ये आठ-नऊ महिने आल्या नाहीत. मग एके दुपारी आल्या आणि पिशवीभर ब्लाउज टेबलावर ठेवून म्हणाल्या, "हे कुणाला तरी देऊन टाक. आणि मला चार ढगळ कुडते शिवून दे. करड्या रंगाचे." स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं होतं. उजवी बाजू काढली होती. साडीचा पदर असतो डाव्या खांद्यावर, उजवी बाजू तो पुरती झाकत नाही. म्हणून त्यांनी साडीच सोडली होती.

मी विचारलं, "करडा रंग तुम्हाला आवडतो का?" त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आवडायचा प्रश्न कुठं आहे आता?"

मी त्यांना म्हटलं, चार कुडते शिवते, पण एक ब्लाउज मला माझ्या मनानं शिवू द्या. डॉक्टरांना विचारून, जखम पूर्ण भरल्यावर आम्ही कामाला लागलो. दोन्ही बाजूंची मापं वेगवेगळी घेतली. हुक पुढं ठेवले, कारण हात मागं जात नव्हता. आतून मऊ मलमलचं अस्तर लावलं आणि त्याला उजवीकडे एक खिसा केला, त्यात पॅड नीट बसावं म्हणून. व्रणावर एकही शिवण येऊ दिली नाही. उजव्या हाताला सूज येत असे, म्हणून ती बाही डावीपेक्षा सैल केली, पण बाहेरून दोन्ही सारख्या दिसाव्यात अशी. गळा थोडा वर घेतला. मुंढा मात्र मास्तरांनी सांगितला होता तसाच, काखेच्या शक्य तितका जवळ. आणि रंग राणी.

तीन वेळा ट्रायल घेतली. तिसऱ्या वेळी आरशासमोर उभ्या राहून त्यांनी उजवा हात, जेवढा जात होता तेवढा, सावकाश वर केला आणि केसातली पिन सारखी केली. ब्लाउज जागचा हलला नाही. देऊन टाकायला आणलेली पिशवी त्या जाताना परत घेऊन गेल्या, म्हणाल्या, "यातले उसवून करता येतील का, बघू." त्यातले पाच करता आले.

तेव्हा श्रोतेहो, 'मला काय शोभेल?' या प्रश्नाचं उत्तर शोधायला दुकानात किंवा मासिकात जायची घाई करू नका. आधी घरचं कपाट उघडा. आपण पुन्हा पुन्हा घालतो असे तीन कपडे बाहेर काढा आणि त्यांच्यात सारखं काय आहे ते पाहा. पोत, रंग, गळा की बाहीची लांबी? ते तुम्ही न बोलता घेतलेले निर्णय आहेत. शिंप्याकडे जाताना त्यातला एक कपडा सोबत न्या. तुम्ही दिवसभर काय करता ते त्याला सांगा. स्कूटर चालवता, की फळ्यावर लिहिता, की लहान मुलाला कडेवर घेता? ट्रायलला गेलात की नुसतं आरशात पाहू नका. दोन्ही हात वर करा, वाका, खुर्चीत बसून पाहा. कुठं ओढलं तर संकोच न करता सांगा. चांगला शिंपी रागावत नाही. तो खडू उचलतो.

त्या शाळेतल्या बाई आता निवृत्त झाल्या आहेत. अजूनही ब्लाउज माझ्याकडेच शिवतात. ट्रायल घालून पाहिली की आधी उजवा हात वर करतात, हवेतच फळ्यावर लिहिल्यासारखं करतात आणि मग माझ्याकडे पाहून मान हलवतात. तोवर मी काही बोलत नाही.