नकाशा बनवणं वेगळं, वाचणं वेगळं

आज बोलतोय कोयनानगरहून. १९६०च्या दशकात इथं धरण झालं, खोऱ्यातली गावं शिवसागर जलाशयाखाली गेली आणि माणसं सांगली, सोलापूर, ठाणे, रायगडपर्यंत पांगली. त्या पिढीतल्या कुणालाही विचारा. देऊळ कुठं, पाणवठा कुठं, सगळं सांगतील. पण अशाच एखाद्या आजीला मुलाच्या नव्या फ्लॅटमध्ये बाथरूम सापडत नाही. मग घरचे म्हणतात, "जुनं बरं आठवतं! मुद्दाम करते."

खरंच मुद्दाम? जरा उंदरांकडे बघू.

स्कॉटलंडमधल्या रिचर्ड मॉरिस यांनी १९८१मध्ये एक प्रयोग मांडला. गोल हौद, दूध घालून गढूळ केलेलं पाणी, आणि पाण्याखाली लपवलेला एक छोटा चौथरा. उंदीर पोहत पोहत तो शोधतो. काही फेऱ्यांनी, खोलीतल्या खुणा बघून तो थेट तिथंच जातो. म्हणजे डोक्यात नकाशा तयार झाला.

१९८६मध्ये त्यांनी उंदरांच्या मेंदूतले 'एनएमडीए' रिसेप्टर औषधानं बंद केले. उंदीर पोहत होते, पण चौथऱ्याची जागा काही नीट लक्षात राहीना.

हा रिसेप्टर म्हणजे आपल्या कोडिंगमधलं 'अँड' गेट. समोरच्या पेशीकडून ग्लुटामेट यायला हवं, आणि त्याच वेळी ही पेशीही जागी हवी. तरच दारात अडकलेलं मॅग्नेशियम हटतं आणि कॅल्शियम आत शिरतं. मग तिथं 'अँपा' नावाचे दुसरे रिसेप्टर वाढतात आणि जोडणी पक्की होते. पुढे रोजचे निरोप मुख्यतः 'अँपा'च पोचवतात.

आता गंमत ऐका. १९८९च्या प्रयोगात तेच औषध उंदीर शिकून झाल्यावर दिलं, तर त्यांना जुनी जागा आठवत होती! म्हणजे नवा नकाशा बनवायला एनएमडीए लागतो, जुना वाचायला तेवढा लागत नाही.

माणूस म्हणजे उंदीर नाही, मान्य. पण अल्झायमरमध्ये नकाशे बनवणारा हिप्पोकॅम्पस लवकर बिघडतो. त्यामुळे जुनं गाव शाबूत आणि नवं घर अनोळखी, असं होऊ शकतं.

तेव्हा घरात कुणी असं वाट चुकायला लागलं, तर ओरडू नका. डॉक्टरांना दाखवा. बाथरूमच्या दारावर मोठं चित्र लावा, रात्री दिवा चालू ठेवा. आणि हो, फर्निचर सारखं हलवू नका.

चला, भेटू पुढच्या भागात!