परसातला सूर्य

आकाश बघायला दुर्बीणच हवी असं नाही; परसातली सरळ काठीही पुरते. कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर. त्यामुळे ६ मेच्या सुमारास दुपारी साडेबाराला सूर्य नेमका डोक्यावर येतो. ओळंबा लावून उभ्या केलेल्या काठीची सावली आखडत बुडाशी जाते आणि दिसेनाशी होते. हा शून्य सावलीचा दिवस. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातही तो येतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं.

सूर्याच्या याच उत्तर-दक्षिण सरकण्यामुळे कोल्हापूरच्या अंबाबाई मंदिरातला किरणोत्सव, म्हणजे मावळतीचे किरण देवीच्या मूर्तीवर पडण्याचा सोहळा, वर्षातून दोनदा होतो: ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. दक्षिणायनात सूर्य जिथे मावळतो, तिथेच उत्तरायणात परतताना पुन्हा मावळतो. गच्चीवरून मावळतीची जागा टिपून पाहा. सूर्याकडे मात्र टक लावू नका.