महागडी शेगडी घेण्यापूर्वी

मी आपट्याहून बोलते आहे, बचत गटांची समन्वयक.

आपल्या पनवेल तालुक्यात सध्या गावोगावी घरं नवी होत आहेत. कौलं उतरतात, स्लॅब पडतो, ओट्याला ग्रॅनाइट बसतो. मग विषय निघतो शेगडीचा. दोन बर्नरची साधी स्टीलची घ्यायची, चार बर्नरची काचेची, ओट्यात बसवायची हॉब, की खाली ओव्हन असलेली कुकिंग रेंज? साधी शेगडी दोन-तीन हजारांत येते आणि परदेशी रेंज लाखाच्या वर जाते. गटाच्या बैठकीत आता या खर्चासाठीही कर्ज मागितलं जातं. म्हणून आज याच विषयावर बोलू.

पहिली गोष्ट, शेगडी पसंत कोणी करायची? दुकानात जातात घरातले पुरुष, फार तर मुलगा. जिला रोज तिच्यासमोर तीन-चार तास उभं राहायचं आहे ती घरीच असते. टीव्ही कोणीही पसंत करा. शेगडी मात्र रांधणारीनेच पसंत करायची. सासू-सुना दोघी रांधत असतील तर दोघींनी जायचं.

तुम्हाला एक गोष्ट सांगते. स्वीडनमध्ये गुस्ताफ डालेन नावाचे शास्त्रज्ञ होते. १९१२ साली एका स्फोटात त्यांची दृष्टी गेली आणि त्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. घरी असताना त्यांच्या लक्षात आलं की चुलीपाशी बायको किती दमते. त्यातून १९२२ साली त्यांनी 'आगा' नावाची बिडाची मोठी शेगडी तयार केली. ती दिवसरात्र गरम राहते. आजही ती श्रीमंतांची शेगडी म्हणून ओळखली जाते. पण ती थंड देशाची वस्तू आहे, तिच्यामुळे घरही उबदार राहतं. आपट्याच्या मे महिन्यात ती स्वयंपाकघरात ठेवली तर आपल्याला अंगणात पळावं लागेल! म्हणजे शेगडी कितीही भारी असली तरी ती कोणत्या घरासाठी, कोणत्या जेवणासाठी बनली आहे, हे आधी बघायचं.

मग आपल्या घरात काय शिजतं? तांदळाची भाकरी, भात, कालवण, सुकी मासळी, सणाला मोदक, पाहुणे आले की मोठ्या टोपात मटण. भाकरीला मोठा तवा लागतो आणि त्याला कडेपर्यंत आच लागते. बर्नर लहान असेल तर भाकरी मध्ये करपते आणि कडेला कच्ची राहते. म्हणून किमान एक बर्नर मोठा हवा.

दुकानात जाताना एक सुतळी न्या. घरातल्या सगळ्यात मोठ्या दोन टोपांची आणि तव्याची रुंदी मोजून सुतळीला गाठी मारा. दुकानात ती सुतळी बर्नरवर धरा. चार बर्नर दिसतात खरे, पण दोन मोठे टोप शेजारी ठेवले की बाकीचे दोन बर्नर झाकले जातात. मग चार बर्नरचे पैसे कशाला द्यायचे? त्यापेक्षा ऐसपैस तीन बर्नर बरे. जाळीवर कढई डुगडुगते का, तेही हाताने हलवून बघा.

ओव्हनचं काय? आपली पोपटी मडक्यात, शेकोटीतच होते, तिला ओव्हन नको. नानकटाई, केक, बिस्किटं करून विकणार असाल तर ओव्हन कामाचा आहे. नाही तर त्यात जुन्या कढया आणि झाकणं जाऊन बसतात. आणि विक्रीसाठी रांधत असाल तर एक नियम लक्षात ठेवा. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही. धंद्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर मिळतो. फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या गटांनी तो खर्च भावात धरायला हवा.

इंडक्शनची शेगडी चहा, दूध, भाताला चांगली. दोन हजार वॅटची शेगडी पूर्ण जोरात अर्धा तास चालली की एक युनिट वीज जाते. पण तिला सपाट बुडाचं आणि लोहचुंबक चिकटेल असंच भांडं लागतं. ॲल्युमिनियमचे टोप साध्या इंडक्शनवर चालत नाहीत. त्यावर भाकरी आचेवर फुगवता येत नाही. आणि पावसाळ्यात वीज गेली की चूल बंद. म्हणून ती जोडीला असावी, एकटी नको.

आता सुरक्षेचं. गॅसच्या शेगडीवर आयएसआय खूण नसेल तर ती फुकट दिली तरी घेऊ नका. सिलिंडरची शेगडी आणि पाइप गॅसची शेगडी यांच्या जेटची भोकं वेगळी असतात. पाइप गॅसची शेगडी तशीच सिलिंडरला जोडली तर ज्योत भडकते आणि भांडी काळी होतात. शहरातल्या नातेवाइकांकडून, किंवा आपण कामाला जातो त्या घरातून जुनी भारी शेगडी मिळाली, तर मेकॅनिककडून आधी जेट बदलून घ्या.

जास्त पैसे कशासाठी मोजावे, असं विचाराल तर मी एक सोय सांगेन. ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारी. दुकानात तिला फ्लेम फेल्युअर डिव्हाइस म्हणतात. खिडकीच्या वाऱ्याने ज्योत विझते, कधी दूध उतू जाऊन विझते. आपला गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली जमिनीलगत साठतो, त्यामुळे उभ्याने वास लवकर येत नाही. अशा वेळी ही सोय जीव वाचवते. रंगीत काचेने असं काही होत नाही. रबरी नळी आयएसआय खुणेची घ्या आणि पाच वर्षांनी बदला. गळतीचा संशय आला तर दिव्याच्या बटणाला हात लावू नका, रेग्युलेटर बंद करा, दारं उघडा, बाहेर या आणि १९०६ ला फोन करा.

आता हिशेब. शेगडी जळालेल्या गॅसपैकी किती उष्णता भांड्याला देते, त्याला कार्यक्षमता म्हणतात. आयएसआय शेगडीला ती किमान ६८ टक्के लागते. तारांकित लेबलवर ती बघता येते. ६८ऐवजी ७२ टक्क्यांची शेगडी घेतली तर तेवढ्याच स्वयंपाकाला दर सिलिंडरमागे पाऊण किलोहून थोडा जास्त गॅस वाचतो. म्हणजे अठरा सिलिंडरांमागे एक. महिन्याला एक सिलिंडर लागणाऱ्या घरात दीड वर्षात एक सिलिंडर वाचला. ही बचत खरी आहे, पण वीस हजारांचा जादा खर्च तिने भरून निघणार नाही.

आणि कर्ज? गटातून २०,००० घेतले, व्याज महिना दोन टक्के असेल, तर पहिल्या महिन्याचं व्याजच ४०० रुपये होतं. तेच पैसे शिलाई मशीनला, शेळीला, मुलीच्या फीला लागणार असतात. घरात पैसा असेल तर हौस जरूर करा, बाईच्या हौसेला कोणी नावं ठेवू नयेत. पण हौसेसाठी गटाचं कर्ज नको.

पक्कं बिल घ्या. वॉरंटीत काच येते का ते वाचा. बिघडली तर दुरुस्तीला पनवेलमध्ये कोण आहे, हे पैसे देण्याआधी विचारा. फसवणूक झाली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

येत्या बैठकीला एकेकीने आपल्या शेगडीची नळी कधी घेतली ते लिहून आणा. नवी शेगडी घेणं जमेल तेव्हा जमेल, पण जुनी झालेली नळी याच महिन्यात बदलूया.