तारांवर उभं विमान



धारच्या राजा भोजाच्या नावावर असलेला ‘समरांगणसूत्रधार’ हा ग्रंथ अकराव्या शतकातला. त्याच्या एकतिसाव्या अध्यायात यंत्रं आहेत, आणि त्या यंत्रांत हलक्या लाकडाचा एक मोठा पक्षीही आहे. त्याच्या पोटात पारा, पाऱ्याखाली अग्नी. पण हा पक्षी जोडायचा कसा, ते ग्रंथ सांगत नाही. आपल्याला येत नाही म्हणून नव्हे, तर गुप्त राहावं म्हणून रचना सांगितलेली नाही, असं तिथं स्वच्छ म्हटलं आहे. बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये टी. गणपती शास्त्रींनी १९२४-२५ साली हा ग्रंथ छापला, तेव्हापासून त्या पक्ष्याबद्दल आपण माळव्यातली माणसं अभिमानानं बोलत आलो. मला मात्र ती न सांगितलेली जोडणी अस्वस्थ करते. म्हणून आज मी नुसत्या जोडणीवर बोलणार आहे, आणि त्यासाठी एका मराठी माणसाचं विमान निवडलं आहे.

श्रीकृष्ण वेलिणकर मुंबईचे. केंब्रिजला शिकले, पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात वैमानिक झाले, आणि २३ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमधून लढताना जून १९१८ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर कामी आले. त्यांची कबर तिकडे हँगार्डला आहे. ते उडवत ते विमान सॉपविथ डॉल्फिन. त्या युद्धात लढलेल्या हिंदी वैमानिकांची नावं आपल्या मुलांना माहीत नसतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पाठ्यपुस्तकात एक ओळ वाढवून हे भरून येईल असं मला वाटत नाही. मुलांनी त्या विमानाचं छोटं मॉडेल आपल्या हातांनी बांधलं, तर वेलिणकर कशात बसले होते ते त्यांना कळेल.

डॉल्फिन दोन मजली पंखांचं. अशा विमानांत वरचा पंख बहुधा खालच्यापेक्षा थोडा पुढे असतो. डॉल्फिनमध्ये उलटं आहे. वरचा पंख ३३ सेंटीमीटर मागे सरकवलेला, मधोमध लोखंडी चौकट उघडी, आणि त्या चौकटीतून वैमानिकाचं डोकं वर आलेलं. समोरचं आणि वरचं आकाश त्याला मोकळं दिसे. पण विमान जमिनीवर उलटलं, तर पहिला आघात त्याच डोक्यावर.

आता तारा. लाकडाचे सांगाडे, वर ताणून रंगवलेलं कापड, असे ते पंख. स्वतःच्या बळावर ते हवेचा जोर सोसू शकत नाहीत. पूल बांधणाऱ्या ऑक्टेव्ह शानूट या अभियंत्यानं १८९६ साली आपल्या ग्लायडरच्या दोन पंखांमध्ये पुलाची कैची बसवली, आणि राइट बंधूंनी तीच उचलली. उभे खांब दाब घेतात, तिरप्या तारा ताण घेतात. धडाजवळ खालून निघून बाहेर वर जाणारी तार उड्डाणात ताणली जाते, कारण तेव्हा पंख वर पळू पाहतात. हिच्यावर सगळा जीव टांगलेला, म्हणून ती बहुतेकदा जोडीनं असते. वरून निघून बाहेर खाली येणारी तार विमान जमिनीवर असताना पंखांचं ओझं धरते. पुढच्या-मागच्या खांबांमधली तारांची फुली पंख पिळवटू देत नाही. तंबूच्या तणाव्यांसारखंच हे. एक सैल पडला की दुसऱ्यावर भार येतो. हवाई तळावरचे रिगर नावाचे कारागीर ओळंबा धरून, कोन मोजून, या तारा जुळवत.

मॉडेलमध्ये हे सगळं करायचं ते १:४८ किंवा १:७२ मापात. खऱ्या डॉल्फिनचे पंख टोकापासून टोकापर्यंत ९.९ मीटर, १:७२ मध्ये ते साडेतेरा-चौदा सेंटीमीटर होतात. ४ मिलिमीटरची तार १:४८ मध्ये ०.०८ मिलिमीटर भरते, म्हणजे माणसाच्या केसाएवढी. जाड दोरा लावला की विमान पिंजऱ्यासारखं दिसू लागतं, म्हणून धागा बारीकच हवा. गळाला लावतात तो सर्वांत बारीक नायलॉन चालतो. मॉडेलच्या प्लास्टिक किटचे भाग ज्या चौकटीला चिकटून येतात, तिचा तुकडा मेणबत्तीच्या धगीवर मऊ करून ओढला, तरी सुरेख तार निघते.

तारांची भोकं रंग देण्याआधी पाडावीत, हातानं फिरवायच्या बारीक ड्रिलनं. खालचा पंख आणि धड आधी जोडायचं. मग पुठ्ठ्याचा साचा करून वरचा पंख त्यावर टेकवायचा आणि खांब चिकटवायचे. डॉल्फिनमध्ये खांब मागे झुकतात, साचाही तसाच झुकता हवा. खांब पूर्ण वाळल्याशिवाय तारेला हात लावू नये. मग धडाजवळून बाहेरच्या बाजूला जावं. डावीकडे एक, लगेच उजवीकडे एक. एकच बाजू पुरी केली तर वरचा पंख तिकडे ओढला जातो. धाग्याचं टोक वरच्या पंखाच्या भोकातून काढून त्याला छोटा चिमटा लटकवला, की चिमट्याच्या वजनानं ताण राहतो. भोकात सुईच्या टोकानं फेविक्विकचा थेंब सोडायचा, वाळल्यावर टोक कापायचं. तरी कुठे ढिलाई राहिली, तर पेटती उदबत्ती जवळून, न टेकवता, फिरवली की धागा आवळतो. जवळ मात्र फार नेऊ नये, धागा तुटतो.

कोणती तार कुठे, हे किटच्या कागदावर असतंच. तरी मी मुलांना प्रत्येक तार लावण्याआधी विचारतो, ही काय धरते? उत्तर आलं की पुढे. त्यांना सुरुवात डॉल्फिनवर करू देऊ नका. त्याला दोन्ही बाजूंना खांबांच्या दोन-दोन जोड्या आणि तारांची गर्दी. त्याच युद्धातले दुसरे हिंदी वैमानिक इंद्रलाल रॉय यांनी जुलै १९१८ मध्ये एस. ई. ५ए विमानावर दहा हवाई विजय मिळवले. त्या विमानाला प्रत्येक बाजूला खांबांची एकच जोडी, तारा कमी, पंख नेहमीसारखे. तिसरे हिंदी वैमानिक हरदित सिंग मलिक यांचं सॉपविथ कॅमलही तसंच. आधी ही दोन बांधा. मग वेलिणकरांचं डॉल्फिन घ्या. वरचा पंख मागे का, हा प्रश्न मुलं तेव्हा आपण होऊन विचारतील.